अकरावा खेळाडू

म्हातारपणीच्या विसरण्याला दोन ठिकाणी हसलं जातं, घरात आणि कट्ट्यावर. चष्मा कपाळावर सरकवून आजोबा तोच चष्मा घरभर शोधत फिरतात तेव्हा नातवंडं खिदळतात, सून हसू दाबते आणि मुलगा "बाबा, डोक्यावर आहे" हे सांगताना आवाज थोडा चढवतो. संध्याकाळी आजोबा हाच किस्सा मित्रांना सांगतात. एक म्हणतो, "तुझा डोक्यावर तरी होता, माझा फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्यात सापडला." दुसरा म्हणतो, "मी फोनवर बोलता बोलता फोन शोधत होतो, आणि ज्याच्याशी बोलत होतो त्यालाच विचारलं, माझा फोन कुठे दिसला का रे?" सगळे पोट धरून हसतात. घटना एकाच जातीच्या, पण दोन हसण्यांत फार अंतर आहे. घरातले हसतात ते काठावर उभे राहून, पाण्यात एकटे आजोबा असतात. कट्ट्यावर सगळेच पाण्यात असतात.

मला या दुसऱ्या हसण्याची बाजू घ्यायची आहे. रिकामटेकड्या म्हाताऱ्यांचा वेळ जावा म्हणून चाललेला तो उद्योग आहे, असं तरुणांना वाटतं आणि पुष्कळदा म्हाताऱ्यांनाही वाटतं. माझं मत वेगळं आहे. उतारवयात माणसाची आठवण आणि त्याबरोबर त्याची पत सांभाळून ठेवणारी जी थोडी माणसं आणि थोड्या जागा आपल्याकडे उरल्या आहेत, त्यांत मित्रांचा घोळका फार वर आहे. पण याच मताला जोडून दुसरी गोष्टही तितक्याच आग्रहाने सांगायची आहे. एकमेकांच्या विसरण्यावर हसण्याचा हक्क ज्यांना आहे त्यांच्यावर एक जबाबदारी येते, आणि ती आपल्यातले बहुतेक जण टाळतात.

आधी हक्काची गोष्ट. दादरला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आमचा जो घोळका बसतो त्यात सत्तरीच्या आतलं कोणी नाही, आणि क्रिकेट हा तिथला कुळधर्म आहे. मध्यंतरी १९७१च्या ओव्हल कसोटीचा विषय निघाला. अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडच्या भूमीवर पहिल्यांदा कसोटी जिंकली आणि त्याबरोबर मालिकाही, ती ही कसोटी. तपशील सगळ्यांना तोंडपाठ. तारीख २४ ऑगस्ट, त्या दिवशी गणेश चतुर्थी. चंद्रशेखरचे ३८ धावांत ६ बळी, इंग्लंडचा डाव १०१ वर आटोपलेला, फॉरवर्ड शॉर्ट लेगला सोलकरने झेपावून घेतलेला ॲलन नॉटचा झेल, मैदानात आणलेली बेला हत्तीण आणि शेवटी अबिद अलीचा चौकार. मग कोणीतरी म्हणालं, अकरा जण सांगा. गावसकर, वाडेकर, सरदेसाई, विश्वनाथ, सोलकर, इंजिनियर, अबिद अली, वेंकटराघवन, बेदी, चंद्रशेखर. दहा झाले. अकरावा काही येईना.

एकाने जयसिंहांचं नाव घेतलं. ते लगेच खोडून निघालं, कारण जयसिंह त्याच वर्षीच्या वेस्ट इंडिज दौऱ्यावर होते, इंग्लंडला नव्हते. दुसरा म्हणाला, प्रसन्ना. तो दौऱ्यावर होता, पण त्याला एकही कसोटी खेळायला मिळाली नाही, यावर दोघांचं एकमत झालं. तिसऱ्याच्या डोळ्यांसमोर माणूस उभा होता: "ओपनर रे, गावसकरबरोबर यायचा." चौथ्याला घराण्याचा धागा सापडला: "त्याचा बापही ओपनर. चारशे तेरा!" एवढं ऐकलं आणि पाचव्याच्या तोंडून नाव बाहेर पडलं, अशोक मंकड. विनू मंकड आणि पंकज रॉय यांनी १९५६ साली मद्रासला न्यूझीलंडविरुद्ध केलेली ४१३ धावांची सलामी आमच्या पिढीच्या डोक्यात इतकी घट्ट बसली आहे की बापाच्या आकड्याने मुलाला ओढून आणलं. मधे एकाने मोबाइल बाहेर काढला होता. त्याला सगळ्यांनी मिळून तो परत खिशात ठेवायला लावला.

या प्रसंगात मला रस आहे तो एका प्रश्नामुळे. ते नाव नेमकं कोणाच्या डोक्यात होतं? पाचांपैकी एकालाही ते स्वतःहून आठवलं नव्हतं. ज्याच्या तोंडून ते निघालं त्यालाही आधी आठवत नव्हतंच. घोळक्यात मात्र ते होतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८५ साली ही कल्पना नीट मांडली. फार काळ एकमेकांच्या सोबतीने राहिलेली माणसं आठवणींची नकळत वाटणी करून घेतात. कोणाकडे काय आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून प्रत्येकाने सगळं बाळगायची गरज राहत नाही. कट्ट्यावर हे रोज दिसतं. भाडं, व्याज, जमिनीचे भाव यांचा प्रश्न निघाला की माना एकाकडे वळतात, नाटकाचा निघाला की दुसऱ्याकडे, आणि कोणाचं लग्न कोणाशी ठरता ठरता मोडलं हा विषय असेल तर तिसऱ्याकडे.

याला एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. मेरी वेल्डन आणि क्रिस्टल बेलिंजर यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं की काही जणांनी एकत्र बसून आठवलं तर जेवढं आठवतं, त्यापेक्षा तेवढ्याच माणसांनी वेगवेगळं बसून आठवलेल्याची बेरीज जास्त भरते. एकाच्या बोलण्याने दुसऱ्याचा धागा तुटतो. पण त्या प्रयोगांतली माणसं एकमेकांना नवखी होती आणि त्यांना दिलेला मजकूरही त्यांच्या आयुष्यातला नव्हता. पुढे ऑस्ट्रेलियात सीलिया हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं संसार केलेल्या वृद्ध जोडप्यांना एकत्र आठवायला बसवलं. तिथे काही जोडप्यांचं एकत्र आठवणं एकेकट्यापेक्षा सरस ठरलं, काहींचं ठरलं नाही. फरक होता बोलण्याच्या रीतीत. जी माणसं दुसऱ्याने सोडलेला धागा उचलून पुढे नेतात त्यांचं साधतं. जी दुसऱ्याला चूक ठरवण्यात गुंततात त्यांचं बिनसतं. म्हणजे घोळका असून भागत नाही, तो कसा बोलतो यावर सगळं आहे. बापाच्या धावा सांगणारा तो चौथा मित्र म्हणूनच मला फार मोलाचा वाटतो. नाव त्यालाही येत नव्हतं, पण हाताशी जे होतं ते त्याने मधे ठेवलं.

नावंच का जातात, हा प्रश्न सगळ्यांना छळतो. माणूस समोर उभा असतो, तो कुठल्या बँकेत होता, त्याची मुलगी कुठे दिली, त्याला मधुमेह कधी झाला, सगळं आठवतं आणि नाव तेवढं ओठांवर येऊन अडतं. हा मेंदूच्या ऱ्हासाचा पुरावा आहे असं समजून माणसं हादरतात, तसं हादरायचं कारण नाही. नाव ही मुळातच लक्षात ठेवायला अवघड गोष्ट आहे, अगदी विशीतही. १९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये झालेल्या एका प्रयोगाचा आशय आपल्या भाषेत असा सांगता येईल: एखादा चेहरा दाखवून 'हा सुतार आहे' असं सांगितलं तर ते पुष्कळांच्या लक्षात राहतं, पण तोच चेहरा दाखवून 'याचं आडनाव सुतार' असं सांगितलं तर फार कमी जणांच्या लक्षात राहतं. धंदा म्हटला की रंधा, लाकडाचा भुसा, कानामागची पेन्सिल, सगळं मागोमाग येतं. आडनावाला मागेपुढे काही नसतं. वयाबरोबर मेंदूतली शब्दाकडे जाणारी वाट मंद होते आणि त्याचा पहिला फटका अशा निराधार नावांना बसतो. शाळेतल्या मित्रांची टोपणनावं मात्र मरेपर्यंत राहतात याचं कारण मला इथेच दिसतं. 'लंब्या', 'ढब्ब्या', 'चिंगळ्या' या नावांत माणूस दिसतो. ज्याचं खरं नाव आम्हाला त्याच्या मुलाच्या लग्नपत्रिकेवर वाचावं लागलं, त्याला आम्ही ऐंशीतही 'लंब्या' अशीच हाक मारतो.

आणि राहतं तर किती राहतं! आमच्यातल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांना सकाळी काय खाल्लं ते दुपारी सांगता येत नाही, पण पावकी, निमकी, पाऊणकीपासून औटकीपर्यंत सगळे पाढे ते अडखळल्याशिवाय म्हणतात. मनाचे श्लोक मधूनच कुठूनही सुरू करून देतात. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी म्हातारपणी विशेष दाट असतात, हे डेव्हिड रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली आकडेवारीने दाखवलं. कट्ट्यावरच्या गप्पा सारख्या मागे का जातात, याचं उत्तर त्यात आहे. तरुणांना तो भूतकाळाचा नाद वाटतो. पण माणूस जिथे अजून भक्कम उभा राहू शकतो तिथे तो उभा राहतो, यात नवल काय? दिवसभर घरात जो चाचपडत असतो तो इथे तासभर बिनचूक असतो.

मग चीड कशाची येते? आठवण गेल्याची येते, पण तिच्याहून जास्त येते ती परीक्षेला बसवल्याची. घरात वाक्य अर्धवट राहिलं की दुसरं कोणीतरी ते घाईने पुरं करतं. औषध घेतलं का, हा प्रश्न तीन वेगवेगळी माणसं विचारतात. किल्ली एकदा विसरली की पुढच्या वेळेपासून किल्ली हातातच दिली जात नाही. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण हसत हसत म्हटली जाते, पण अशा वाक्यांची किंमत मोजावी लागते. अमेरिकेत टॉमस हेस यांनी २००३ साली दाखवलं की वयाबरोबर स्मरणशक्ती खालावते असा मजकूर आधी वाचायला दिला तर वृद्धांना त्यानंतरच्या चाचणीत कमी आठवतं. ही वाईट बातमी ज्यांना आधी दिली नाही त्यांचं चांगलं जमतं. म्हणजे 'तुम्हाला आता आठवायचं नाही' असं म्हाताऱ्याला रोज ऐकवणारं घर त्याच्या विसरण्यात स्वतःची भर घालत असतं. कट्ट्यावर ही परीक्षा नसते. तिथे विसरणं हे सगळ्यांचं आहे हे आधीच ठरलेलं असतं, म्हणून कोणी घाबरत नाही, आणि घाबरत नाही म्हणून पुष्कळ आठवतं.

शिवाय वृद्धांनी आपल्या विसरण्यावर जी व्यवस्था बसवलेली असते तिचं श्रेय त्यांना कोणी देत नाही. पीटर रेंडेल यांच्या ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगांत माणसांना आठवडाभर रोजच्या व्यवहारात ठरावीक वेळी एका छोट्या यंत्रावर नोंद करायला सांगितलं होतं. या कामात वृद्ध तरुणांपेक्षा सरस निघाले. प्रयोगशाळेच्या बंद खोलीत हरणारी माणसं स्वतःच्या घरात जिंकली, कारण घरात त्यांची शिस्त असते. आपल्याकडे ही शिस्त स्वयंपाकघरातल्या भिंतीवर टांगलेली असते. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' काढलं, तेव्हापासून मराठी घरांनी त्याच्या तारखांच्या चौकटींत आपलं सगळं व्यावहारिक स्मरण लिहून ठेवलं आहे: दूध अर्धा लिटर जास्त, सिलिंडर आज लावला, बाई आल्या नाहीत, डोळ्यांचा डॉक्टर साडेपाच. आणि भिंतीवर जे मावत नाही ते मित्र धरून ठेवतात. पेन्शनर मंडळींना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला तर पेन्शन अडते. आमच्या कट्ट्यावर दिवाळी संपली की पहिला विषय हाच. कोणाचा झाला, कोणाचा राहिला, कोणाचा अंगठा यंत्रावर उमटत नाही, याची यादी तोंडी तयार होते आणि उरलेले एकत्रच बँकेत जातात.

इथे बायकांविषयी बोललं पाहिजे, कारण आतापर्यंतचं सगळं चित्र पुरुषांचं झालं. पुरुष विसरला तर तो विसरभोळा, म्हणजे जवळजवळ गोड. गडकऱ्यांनी 'प्रेमसंन्यास'मध्ये गोकुळ उभा केला आणि त्याच्या विसराळूपणाला महाराष्ट्र शंभरांहून जास्त वर्षं प्रेमाने हसत आला आहे. बाईच्या वाट्याला हे प्रेम येत नाही. आमटीत मीठ दोनदा पडलं, दूध उतू गेलं, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, तर ते लगेच सगळ्या घराच्या जिभेवर येतं आणि त्याचा हिशेब ठेवला जातो. बायकांचं विसरणं लपून राहत नाही, आणि कट्ट्यावर येऊन ते सांगून टाकायची सोयही त्यांना उशिरा मिळते. ती मिळते भिशीत, भजनी मंडळात. भजनी मंडळाची मला फार किंमत वाटते. शब्द गेले तरी चाल राहते, पुढच्या बाईच्या ओळीवर मागची ओळ उचलते, आणि कोण अडखळलं ते टाळांच्या आवाजात कोणालाच कळत नाही.

वेग्नर यांनीच एक दुःखाची गोष्ट लिहून ठेवली आहे. आठवणींची अशी वाटणी झालेली असते, म्हणून जवळचं माणूस गेलं की आपल्या मनाचाही एक भाग जातो. कट्ट्यावरचा एक मित्र गेला की त्याच्याकडे ठेवलेलं आपलं कॉलेज जातं, आपली पहिली नोकरी जाते. तो होता तोवर आपण ते स्वतःजवळ ठेवलंच नव्हतं. मुलांकडे कॅलिफोर्निया-न्यू जर्सीला कायमचे गेलेले मित्र फोनवर कसल्या तरी जुन्या क्षुल्लक गोष्टीची खातरजमा करून घेतात, चाळीतला भैया कोणत्या जिन्याखाली बसायचा, असलं काहीतरी. तिथे त्यांची काळजी घेणारे पुष्कळ आहेत, पण "हो, असंच होतं" एवढं म्हणायला कोणी नाही.

आता जबाबदारीची गोष्ट. जे हसणं माणसाला सावरतं तेच हसणं एका टप्प्यावर त्याला झाकायला लागतं. साठीपुढच्या भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज देशव्यापी पाहणीवरून २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात बायकांचं आणि खेड्यांतल्या लोकांचं प्रमाण जास्त आहे. मोठ्या घोळक्यात असा एखादा असण्याची शक्यता या आकड्यावरून सहज दिसते, आणि तो कोण हे पुष्कळदा सर्वांत आधी मित्रांना कळतं. डॉक्टर माणसाला दहा मिनिटं पाहतो. घरचे त्याला रोज पाहतात, पण रोज पाहणाऱ्याच्या नजरेला हळूहळू झालेला बदल दिसत नाही, शिवाय घरात बायको त्याच्या उणिवा न बोलता भरून काढत असते. मित्र त्याला पत्त्यांच्या डावात पाहतात. मेंढीकोटात ज्याला कुठला हुकूम पडला आणि कुठला उरला हे चाळीस वर्षं बिनचूक माहीत असायचं, तो आता हुकूम कोणता आहे हे दर डावाला विचारतो. चहाचे पैसे देताना नोटांकडे बघत राहतो. रोजच्या वळणावर थांबून तिसऱ्याच दिशेला वळतो. एकच गोष्ट अर्ध्या तासात पुन्हा पहिल्यापासून सांगतो, आणि आधी सांगितल्याची खूण त्याच्या चेहऱ्यावर नसते. नाव न आठवणं वेगळं आणि हे वेगळं. नाव हरवलेला माणूस चडफडतो, कारण काहीतरी हरवलं आहे हे त्याला ठाऊक असतं. दुसऱ्याला ते ठाऊक नसतं, किंवा ठाऊक होऊन तो गप्प झालेला असतो.

अशा वेळी आपण काय करतो? "अरे, आपलं सगळ्यांचंच असं होतंय" म्हणून हसतो. हे वाक्य ऐकायला प्रेमाचं वाटतं. माझ्या मते या घडीला त्याच्याइतकं निष्ठुर वाक्य नाही, कारण त्या माणसाने, बहुधा फार धीर करून, दार किंचित उघडलेलं असतं आणि आपण ते हसत लावून घेतो. विसरण्याची सगळी कारणं न परतणारी नसतात. बी-१२ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, झोपेच्या आणि काही इतर गोळ्यांचा परिणाम, जोडीदार गेल्यानंतरचं नैराश्य, यांमुळेही माणूस विसरायला लागतो आणि यांवर उपाय आहेत. कानाचं तर वेगळंच सांगायला हवं. जे नीट ऐकूच आलं नाही ते लक्षात कसं राहणार? 'लॅन्सेट' आयोगाच्या २०२४च्या अहवालाने स्मृतिभ्रंशाचे टाळता किंवा कमी करता येण्याजोगे १४ धोके मांडले, त्यांत मधुमेह आणि रक्तदाबाबरोबर बहिरेपण आहे, न सुधारलेली दृष्टी आहे आणि एकटेपणही आहे. चाळिशीतच चष्मा लावणारी आपली मंडळी सत्तरीत श्रवणयंत्र लावायला लाजतात, हा हट्ट मोडायला मित्रांच्या थट्टेइतकं चांगलं हत्यार नाही. थट्टा करायचीच तर तिथे करावी.

सांगायचं कसं, हा अवघड भाग आहे. घोळक्यात मुळीच नाही. दोघंच फेरी मारताना, त्याच्या चुकांची यादी न वाचता. "मला बी-१२ तपासायचं आहे, तूही चल, दोघं जाऊ" एवढ्याने पुष्कळ जण हलतात, जे मुलाने महिनाभर सांगून हललेले नसतात. घरच्यांशी बोलणं त्याहून कठीण. कधी मुलगा दुखावतो, "आमच्या बाबांना काही झालेलं नाही" म्हणतो. तरी बोललं पाहिजे. पुष्कळ घरांत बायकोला सगळं कळलेलं असतं, आणि हे कोणाशी बोलायचं या विवंचनेत ती कित्येक महिने एकटी असते.

निदान झाल्यावर जे होतं ते मला सगळ्यांत जास्त लागतं. माणूस कट्ट्यावरून नाहीसा होतो. घरचे लाजेपोटी किंवा भीतीपोटी त्याला बाहेर काढत नाहीत, मित्र एकदोनदा भेटून येतात, "त्याने ओळखलंच नाही रे" असं जड आवाजात सांगतात आणि जाणं थांबवतात. म्हणजे ज्याच्या आठवणी आपल्यात वाटून ठेवलेल्या होत्या त्यालाच आपण वाटणीतून काढून टाकतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' चित्रपटात मोहन आगाशे यांनी रंगवलेले संस्कृतचे पंडित असेच हरवतात, एका हत्तीच्या मागे चालत जातात, आणि त्यांना सांभाळते माहुताची बायको. अमृता सुभाष यांनी ती केली आहे. तिला त्यांचं पांडित्य माहीत नाही, ते पूर्वी कोण होते हेही माहीत नाही, म्हणून ते आज जसे आहेत तसे तिला चालतात. परक्याला हे सोपं जातं. मित्राला तो कोण होता हे पुरतं माहीत असतं, आणि माहीत असूनही त्याच्याकडे त्या जुन्या माणसाची मागणी करायची नाही, हे मित्राला शिकावं लागतं.

पहिली गोष्ट सोडायची ती म्हणजे "ओळखलंस का? सांग बघू मी कोण?" हा प्रश्न. आपण तो लग्नकार्यात विचारतो, आजाऱ्याच्या उशाशी बसून विचारतो आणि उत्तर आलं नाही की दुखावतो. त्याऐवजी दारातच आपलं नाव सांगावं. तो तीच गोष्ट पाचव्यांदा विचारेल, पाचव्यांदा पहिल्यासारखंच उत्तर द्यावं. तारखा, नाती, कोण जिवंत आणि कोण गेलं, यांच्या दुरुस्त्या करू नयेत. मेलेल्या आईची चौकशी त्याने केली आणि आपण दर वेळी ती गेल्याचं सांगितलं, तर दर वेळी त्याची आई नव्याने जाते. पत्ते समोर ठेवावेत, त्याला खेळता आलं नाही तर नुसते पिसू द्यावेत. पिसणं हाताला येतं.

आणि त्याच्या घराला मोकळा वेळ द्यावा. पूर्वी पुण्यात गरिबांची मुलं वार लावून जेवत, सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, आणि त्यावर शिकून मोठी होत. तसेच मित्रांनी त्याच्याकडे वार लावून घ्यावेत. ज्याचा वार असेल त्याने दोन तास त्याच्याजवळ बसावं, जमेल तसं त्याला फिरवून आणावं. तेवढ्यात त्याची बायको बँकेत जाईल, भजनाला जाईल, डॉक्टरकडे स्वतःचे गुडघे दाखवून येईल. सात जणांचा घोळका असेल तर आठवडा भरतो. चारच असतील तर तिघांनी दोन-दोन वार घ्यावेत, एकाने रविवार सांभाळावा.